रॉबिनच्या नावाखालची रेघ

आमच्या चर्चमध्ये सर फुल्क या घोडेस्वार सरदाराची सातशे वर्षांची दगडी मूर्ती आहे. गवती छपरं शाकारणारा सिरिल थॉर्ली स्वतःला त्यांचा वंशज म्हणवायचा. पबमध्ये त्याची थट्टा चाले.

"काय सरकार, घोडा कुठं बांधलात?"

"बाहेर. तुझं तोंड पाहून बुजतो तो."

जुनी मृत्युपत्रं आणि थडगी धुंडाळून त्यानं वीस वर्षांत वंशवृक्ष जुळवला, तो आपल्या एकुलत्या एका मुलासाठी, रॉबिनसाठी. माझं अक्षर कॉन्व्हेंटमधलं, म्हणून शाईनं लिहायचं काम माझ्याकडे आलं. अशा वंशवृक्षात जो मूलबाळ न होता जातो, त्याच्या नावाखाली आडवी रेघ मारून 'निर्वंश' लिहितात. सर फुल्क यांच्या धाकट्या भावाखाली मी ते सहज लिहून टाकलं होतं.

मार्चमध्ये मासेमारीची होडी उलटून रॉबिन बुडाला. लग्न ठरायचं होतं त्याचं. मे महिन्यात सिरिल कागद घेऊन माझ्याकडे आला.

"विनिफ्रेड, रॉबिनखाली तेवढी रेघ मारा."

"राहू दे ना, सिरिल. कोण विचारणार आहे?"

"त्या धाकट्या भावाखाली मारलीत, तेव्हा त्याच्या बापाला कुणी विचारलं होतं?"

मी पट्टी लावली, टाक बुडवला. तेवढ्यात त्यानं रॉबिनच्या नावावर आपला रखरखीत पंजा ठेवला.

"जरा थांबा," तो म्हणाला.

मी थांबले. चहा निवला, टाकावरची शाई सुकली, तरी त्यानं हात उचलला नाही. मीही त्याला उचलायला सांगितलं नाही.