राहीबाई टीव्हीवर पडली
दिवाळे गावच्या कोळीवाड्यात राहीबाईला हसायची कुणाची छाती नव्हती. सानपाड्यात दारोदार मासळी विकायची. कुणी फार घासाघीस केली तर म्हणायची, "मंग मेथी खा." नवरा गेल्यावर मुलगा, सून जयमाला आणि अख्खी आळी तिने धाकात ठेवली. दीर गोटीराम तेवढा जुमानत नसे. होडी बांधायच्या जागेवरून दोघांचं बिनसलं आणि अबोला धरला तो धरलाच.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. भाच्याच्या हळदीला बंदरावर बॅन्ड लावला होता. राहीबाई बॅन्डवाल्यावर खेकसली, "ह्ये हलदीचं गानं हाय का मयताचं?" आणि ताल दाखवायला स्वतःच नाचत मागे मागे सरकली. मागे धक्का संपला. ओहोटी होती. बाई कमरेपर्यंत गाळात, तोंडभर चिखल.

सानपाड्याचा मुख्तार लग्नांचं शूटिंग करायचा. त्याने कॅमेरा बंद केला नाही. तिथला केबलवाला दर रविवारी लोकांच्या फजितीचा 'धपाक' नावाचा कार्यक्रम लावायचा. घोड्यावरून घसरलेले नवरदेव, केकवर बसलेले काका. त्याला मुख्तारने ही कॅसेट दिली.

सोमवारी राहीबाई टोपली घेऊन गेली, तर नेहमीच्या गिऱ्हाईक खदीजाभाभींनी दार उघडलं आणि पदरात तोंड लपवलं.

"मावशी, फार लागलं नाही ना?"

राहीबाईने सगळं वदवून घेतलं आणि टोपली थेट मुख्तारच्या दुकानात काउंटरवर आपटली. मुख्तार टेबलामागे सरकला.

"मना दाखव."

त्याने कॅसेट लावली. स्वतःचं पडणं तिने नीट पाहिलंच नाही.

"थांबव! मागं ह्यो कोन हसतंय?" चित्र थरथरत थांबलं. "पोलीसपाटलीन. बरं. पुढं. ह्यो माझाच भाऊ! पुढं... अगं बया, जयमाला? हिला दात हायत?"

तेवढ्यात पडद्यावर पांढऱ्या पॅन्टमधला एक माणूस गाळात उडी मारताना दिसला. त्याने राहीबाईला काखेत धरून ओढलं, आणि डोळ्यांत चिखल गेलेल्या राहीबाईने बॅन्डवाला समजून त्याच्या थोबाडीत हाणली.

राहीबाई वाकली. "गोटीराम? त्याला मारली मी?"

"जोरात," मुख्तार हळूच म्हणाला. "ते लोकांना जास्त आवडलं. केबलवर दोनदा दाखवलं."

त्या दिवशी ती उरलेली मासळी न विकताच परतली. गोटीराम अंगणात जाळं शिवत होता. तिने त्याच्यासमोर दोन पापलेटं ठेवली.

"मना काढलंस तू. मंग का नाय सांगितलंस?"

गोटीरामने गाल चोळला. "अबोला व्हता ना आपला."

राहीबाई आधी ओठ चावत राहिली. मग अशी हसली की शेजारच्या बाया काय झालं म्हणून धावत आल्या. हसणं आवरल्यावर ती पोलीसपाटलिणीच्या दारात गेली. तिथे काय झालं ते पाटलीण आजही सांगत नाही. घरी सुनेला मात्र तिने समोर बसवलं.

"हस."

जयमाला रडायलाच लागली.

"आता हसायला सांगते तवा रडते!" राहीबाई म्हणाली, तेव्हा कुठे जयमालाला हसू फुटलं.

अबोला सुटला. पण आठवडाभरात होडीच्या जागेवरून दीर-भावजय पुन्हा भांडायला लागले, आता तोंडाने, आणि तेही पहाटे. आळीतले लोक म्हणायला लागले, गोटीरामने तिला गाळातच ठेवायला हवं होतं.