साडूंचं गंजाशी वैर

गंजाशी इतकं मनापासून वैर धरणारा दुसरा माणूस कर्जत-खालापूरच्या अख्ख्या पट्ट्यात सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. हा माणूस म्हणजे माझे थोरले साडू, माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. साजगावच्या एका पाइपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते मेंटेनन्सला होते. निवृत्त होताना कारखान्यानं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं, पण मेंटेनन्स त्यांच्याबरोबर घरी आलं ते आलंच. आजही साडू कुठं जायला निघाले की खांद्याला एक खाकी पिशवी असते आणि तिच्यात तेलाची बुधली, पॉलिश पेपर, एक चिंधी आणि तीन मापांचे पाने असतात. लग्नाला, बारशाला, तेराव्याला, सगळीकडे. माझ्या स्वतःच्या लग्नात भटजी अंतरपाट धरायला उभे राहिले तेव्हा हे मांडवाच्या खांबांचे नट आवळत होते. 'मांडव पडला तर मंगलाष्टकं काय कामाची?' असं त्यांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं म्हणतात.

आम्ही कर्जतला घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला साडू सगळ्यात आधी आले. थोरले साडू म्हणजे मानाचे पाहुणे. फाटकाशी बराच वेळ उभे राहिलेले दिसले म्हणून आम्हाला वाटलं, सामोरं जाऊन आत घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असणार. बायको ओवाळायचं ताट घेऊन धावली. साडू फाटकाच्या बिजागरीला तेल सोडत होते. तिच्याकडे न बघता ते माझ्यावर ओरडले, "मास्तर, या बिजागरीला गंज चढलाय. घरात मानसं राह्यला येनार हायत का भुतं?" मी हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवलं, वर्गात मला कुणी उलटून बोललेलं नाही, पण साडूंच्या पुढं मी कायम पहिल्या बाकावरचा विद्यार्थी. त्यांचं एक तत्त्व आहे आणि ते त्यांनी मला निदान शंभर वेळा ऐकवलंय. "पानी वाहतंय तवर काय करत नाय, मास्तर. साचून राहिलं का मंग खातं."

त्यांच्या गावच्या देवळातल्या घंटेची गोष्ट तर अजून निघते. घंटेची साखळी गंजलेली साडूंना बघवेना. गुरवाला न विचारता त्यांनी एका सकाळी शिडी लावली आणि कडीपासून लोलकापर्यंत कारखान्यातलं उत्तम प्रतीचं ग्रीस चोपडलं. तो नेमका सोमवार होता. येईल तो माणूस घंटा वाजवायचा, हात जोडायचा आणि कपाळाला लावायचा. दुपारपर्यंत निम्मं गाव कपाळावर काळे पट्टे घेऊन हिंडत होतं आणि एकमेकांना हसत होतं. गुरव तक्रार घेऊन आला तेव्हा साडू त्याच्यावरच उखडले. "देवाच्या दारात गंज चालतो आनि ग्रीस चालत नाय? ह्यो कुठला न्याव रं?" खंडेनवमीला त्यांच्या घरी पाने, पकडी, हातोड्या सगळ्यांना रॉकेलची आंघोळ असते. ती होईपर्यंत घरातल्या माणसांची आंघोळ खोळंबते. ताई, म्हणजे माझी मेहुणी, पदर खोचून हसत माझ्या बायकोला म्हणायची, "माज्यापेक्षा त्या पान्यांचं नशीब बरं गं."

एवढं वैर गंजाशी, पण लोखंडाशी मात्र साडूंची गाढ मैत्री. बाहेर लोखंड जपायचं आणि पोटात लोखंड घालायचं, असा त्यांचा दुहेरी कार्यक्रम. त्यांच्या घरी भाजी लोखंडी कढईत, भाकरी लोखंडी तव्यावर, आणि हिवाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला अळिवाचे लाडू. माझ्या पापण्या खाली ओढून डोळ्यात बघायचे आणि निकाल द्यायचे, "मास्तर, तुमच्यात लोखंड कमी हाय. आवाजावरून कळतंय." मी निमूटपणे लाडू खायचो. खोटं कशाला बोलू, लाडू उत्कृष्ट असायचे.

असं सगळं मजेत चाललेलं असताना गेल्या माघात एका सकाळी ताई भाकरी थापताना परातीवर वाकली आणि वाकलेलीच राहिली. उजवा हात पिठातून उचलेना. तोंडातून शब्द येत होते, पण ते शब्द नव्हते. साडू तेव्हा शेजाऱ्यांच्या खिडकीचे गज घासत होते. शेजारणीची हाक ऐकून आले, एकदा बघितलं, आणि एक मिनिट न दवडता शेजारचा टेंपो काढायला लावून तिला थेट पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. आम्ही दोघं कर्जतहून पोचलो तेव्हा ताई अतिदक्षता विभागात होती. मेंदूच्या डाव्या बाजूला बारीक शीर फुटून रक्त सांडलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला ठाम. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "यांना रक्तदाबाची गोळी चालू होती?" साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे. ती खाली बघत म्हणाली, "बरं वाटतंय म्हणून दिवाळीपासून बंद केली होती. मला फोनवर बोलली होती." साजगावच्या कारखान्यात कुठल्या बेअरिंगला कधी ग्रीस दिलं हे साडूंना अजून तोंडपाठ आहे. बायकोनं तीन महिने गोळी घेतली नव्हती हे त्यांना ठाऊक नव्हतं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली, आणि दोन्ही मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. पहिला घाव बसून गेलाय, आता दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचंय, असं त्या म्हणाल्या. रक्त शिरेत वाहतं तोवर ठीक असतं. मेंदूत सांडून साचलं की पुढच्या काही दिवसांत त्यातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं लोह मोकळं होतं, आणि ते मोकळं लोह आजूबाजूच्या चांगल्या पेशींना इजा करतं. सूज वाढते ती त्यामुळंही. ताईचं बोलणं परत येणार की नाही, ते बरंचसं या दिवसांवर अवलंबून होतं.

साडू खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे आत गंज धरतो."

"अगदी तसंच नाही, पण तुम्ही फार चुकलेला नाहीत," बाई म्हणाल्या.

"मंग त्याला औषध?"

"लोह धरून ठेवणाऱ्या औषधांवर अभ्यास चाललाय. खात्रीनं द्यावं असं अजून हातात काही नाही. रक्तदाब ताब्यात ठेवायचा, सुजेवर नजर ठेवायची आणि वाट बघायची."

वाट बघणं हे काम साडूंनी आयुष्यात केलेलं नव्हतं. ते तडक घरी गेले आणि कढई, तवा, विळी, खलबत्ता, अळिवाचा डबा, सगळं टेंपोत घालून कुंभिवलीला भावाकडे पोचवून आले. हॉस्पिटलात ताईला नाकातल्या नळीतून पातळ अन्न चाललं होतं, तिच्या तोंडाशी कढई जाण्याचा संबंधच नव्हता. पण हे त्यांना सांगणार कोण? मी सांगायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, तुमी व्याकरन बघा."

तिसऱ्या दिवशी मात्र कहर झाला. सिस्टर चादर बदलायला ताईच्या उशाशी वाकल्या आणि त्यांच्या खिशातली कात्री निघून उशीखाली जाऊन खटकन चिकटली. सिस्टर किंचाळल्या. उशी उचलली तर रुमालात बांधलेलं पेढ्याच्या डब्याएवढं चुंबक. गिअरबॉक्सच्या तेलातला लोखंडाचा चुरा काढायला साडू कारखान्यात वापरायचे, ते. डोक्याच्या नेमक्या डाव्या बाजूला, अंतर मोजून ठेवलेलं. साडू दारातून ओरडले, "सिस्टर, हात लावू नका! काम चालू हाय!"

डॉक्टरीणबाई चिडल्या आणि त्यांचं चिडणं योग्यच होतं. बाजूच्या खाटेवरच्या माणसाच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलेलं होतं, आणि चुंबकानं ते बिघडू शकतं. "त्यांना काही झालं असतं तर?" त्यांनी विचारलं तेव्हा साडूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी त्या अनोळखी माणसाच्या खाटेपाशी जाऊन हात जोडले. मग बाईंनीच आवाज उतरवला. रक्तातलं लोह म्हणजे लोखंडाचा चुरा नव्हे, ते चुंबकानं ओढलं जात नाही, आणि जेवणातल्या लोखंडाचाही याच्याशी संबंध नाही, असं त्यांनी सांगितलं. "आणि काका, मेंदूतही साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. सांडलेलं रक्त त्या हळूहळू उचलून नेतात. त्यांचं काम सुरू झालंय."

"किती जनं हायत?" साडूंनी विचारलं.

"भरपूर."

"मंग त्यांच्या मधे कोन जायाला नको," साडू म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांनी दारात खुर्ची टाकली. रसायनीहून आलेली नात्यातली माणसं मोठ्यानं बोलायला लागली की हे बोट ओठावर ठेवून सांगायचे, "आत मेंटेनन्स चालू हाय." एकदा डॉक्टरीणबाईंनाच त्यांनी चपला जोरात वाजवू नका म्हणून सांगितलं. त्या हसल्या आणि पाय न वाजवता आत गेल्या. मला त्या माणसाचं तेव्हा खरंच कौतुक वाटलं. मी भिऊन गेलो होतो, आणि साडूंना मात्र शंका अशी शिवलीच नव्हती. फक्त एकदा, चहाच्या टपरीवर, कप तसाच हातात धरून ते म्हणाले, "मशीनला मी रोज विचारायचो, मास्तर. हिला नाय विचारलं."

सूज उतरली. ताई शुद्धीवर आली, साध्या खाटेवर आली, आणि विसाव्या दिवशी साजगावला घरी आली. पाय चालू लागला, उजवा हात अर्धा. बोलणं मात्र अडलं होतं. एखादा शब्द यायचा, पुढचा हरवायचा, आणि ती कासावीस होऊन डोळे मिटून घ्यायची. साडू समोर पाटावर बसून राहायचे. आम्ही भेटायला गेलो त्या संध्याकाळी ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. ओठ हलले, थांबले, परत हलले. माझ्या बायकोनं मदत करायला तोंड उघडलं, साडूंनी हातानं तिला थांबवलं.

"तुमी," ताई म्हणाली. मग एकेक शब्द जागचा हलवावा तसं, "तुमी... तुमची... गोळी घेतली का?"

रक्तदाब साडूंनाही होता. मला माहीत नव्हतं. बारा वर्षं रोज संध्याकाळी ती गोळी ताईच त्यांच्या हातावर ठेवत आली होती, आणि ती पडल्यापासून कुणी ठेवली नव्हती. साडू उठून उभे राहिले.

"नाय गं," ते म्हणाले. "राहिली."

ते आत गेले, पाण्याचा तांब्या आणि दोन्ही गोळ्या घेऊन आले, तिची तिला दिली आणि आपली तिच्या डाव्या हातात ठेवली, तिनं द्यावी म्हणून. नंतर अंगणात जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मी बाहेर गेलो नाही.

ताईचं बोलणं अजून पुरतं आलेलं नाही, आणि कदाचित येणारही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. भाजीला ती कधी कपडे म्हणते, मला कधी तिच्या भावाच्या नावानं हाक मारते, आणि बहुतेक वाक्यं मधेच सोडून देते. संध्याकाळचं ते एक वाक्य मात्र ती रोज पुरं करते. साडू तोवर गोळी घेत नाहीत.