गाडीबरोबरचा माणूस

केतकरांची काळी जर्मन गाडी सकाळी ड्रायव्हर मच्छिंद्रशिवाय कुणाच्याही हातून सुरू होत नसे. दीनानाथराव केतकरांनी ती दिल्लीतल्या एका वकिलातीच्या लिलावात घेतली, तेव्हाच ती दहा वर्षं वापरलेली होती. थंड इंजिन जागं करायचं तर चोक अर्धाच ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, मनात वीस आकडे मोजायचे आणि मगच किल्ली फिरवायची. पंधराला घाई केली की ती रुसलीच म्हणून समजा. ही युक्ती मच्छिंद्रनं खुद्द मालकांनाही सांगितली नव्हती. कधी विषयच निघाला नाही, असं तो म्हणे. ते तितकंसं खरं नव्हतं.

वाशिमकडून पुण्यात आलेला हा माणूस पंचवीस वर्षं बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांतून सायकलनं प्रभात रोडला येत होता. गाडी तो अशा मायेनं पुसायचा की त्याची बायको कांताबाई म्हणे, "माझी पाठ दुखते तवा हे हात कुठं जातात?"

दीनानाथराव वारले. पुढं तीन वर्षांनी, दोन हजार चार साली, त्यांच्या पत्नीनं, सुनीतीबाईंनी, बंगला बिल्डरला द्यायचं ठरवलं. नव्या इमारतीत त्यांना मिळणाऱ्या पार्किंगमध्ये एखादी छोटी गाडी बसली असती; हिचं शेपूट हातभर बाहेर राहत होतं. बाईंनी पेपरात जाहिरात दिली.

मच्छिंद्र नोकरीचा हिशेब मांडू लागला. वय चोपन्न. आता कॉम्प्युटरवाली पोरं हप्त्यावर नवी गाडी घेत आणि स्वतःच चालवत. बाईंनी मात्र त्याची सोय आधीच पाहिली होती. भाच्याच्या ओळखीनं लोणी काळभोरच्या एका कॉलेजात प्राचार्यांच्या गाडीवर जागा होती.

"आठवड्यात हो-नाही कळवायचंय," बाई म्हणाल्या.

"बाई, मी आपल्या गाडीबरोबरच जाईन म्हणतो."

"अच्छा. गाडीवर ड्रायव्हर मोफत, हे जाहिरातीत घालायचं राहिलंच की." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अहो, घेणाऱ्यानं तुम्हाला विचारलंय का?"

घेणाऱ्याला विचारावंच लागेल, याची मच्छिंद्रला खात्री होती. दोन सकाळी किल्ली फिरवून दमला की तिसऱ्या दिवशी बोलावणं येणार. म्हणून तर गिऱ्हाईक यायच्या दिवशी त्यानं अर्धा तास आधीच इंजिन तापवून ठेवलं.

गिऱ्हाईक म्हणजे बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा तरुण मालक, अर्णव. त्यानं किल्ली फिरवताच गाडी गुरगुरत सुरू झाली.

"काका, सकाळी स्टार्टिंगला काही इश्यू?"

"काही नाही साहेब. एका किल्लीत सुरू होते."

सुनीतीबाईंनी विश्वासानं मान हलवली. मच्छिंद्रला त्यांच्याकडे बघवेना. त्यानं आपल्या घराशेजारच्या किराणा दुकानाचा फोन नंबर लिहिलेला कागद अर्णवच्या हाती ठेवला. "कधीही बोलवा," तो म्हणाला. दोन दिवसांनी एक ट्रक आला आणि गाडी दोरखंडांनी बांधून घेऊन गेला. एवढ्या जुन्या गाडीला लोक जपून नेतात, याचं मच्छिंद्रला बरंच वाटलं.

"प्राचार्याच्या गाडीले नाही काहून म्हटलं?" कांताबाईनं विचारलं.

"थांब. चार दिवसांत बोलावतात."

चाराचे आठ झाले. दुकानदार फोन उचलला की मच्छिंद्रकडे बघून आधीच मान हलवायला लागला. प्राचार्यांच्या गाडीवर दुसरा माणूस लागल्याचं महिन्यानं कळलं. त्या रात्री कांताबाई जेवली नाही, आणि भांडलीही नाही. भांडली असती तर त्याला सोसवलं असतं. सकाळी उठून तो बाणेरला गेला.

काचेच्या इमारतीत शिरताच त्याला गाडी दिसली. दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या जागेत, गोल चौथऱ्यावर, भोवती लाल दोरी. नखाएवढा डाग नव्हता. निरोप गेल्यावर अर्णव खाली आला.

"अरे काका, तुम्ही! कशी दिसतेय?"

"साहेब, सुरू होत नसंल. मी त्या दिवशी खोटं बोललो." आणि पंचवीस वर्षं जपलेलं सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं, अर्धा चोक, दोनदा पाय, वीस आकडे.

अर्णवनं नीट ऐकून घेतलं. पोरगा वाईट नव्हता. "काका, आम्ही स्टार्ट करून बघितलीच नाही. इंजिन काढून टाकलं ना. आर्किटेक्ट म्हणाला, एवढं वजन फ्लोअरिंगला झेपणार नाही. शोसाठीच घेतली होती."

मच्छिंद्रनं दोरीअलीकडूनच बॉनेटवर नजर फिरवली. "पुसायला तरी माणूस लागंल?" त्यानं विचारलं, आणि विचारल्याची त्याला लाज वाटली.

"हाउसकीपिंग एजन्सीकडे आहे ते सगळं." अर्णव अवघडला. त्यानं लाल दोरी बाजूला केली. "बसा ना एकदा. फोटो काढतो तुमचा."

मच्छिंद्रनं सवयीनं चपला बाहेर काढल्या आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसला. त्यानं क्लचवर पाय ठेवला. पाय सरळ तळाशी गेला. पॅडलखाली काहीच उरलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"काका," मोबाइल वर धरून अर्णव म्हणाला, "जरा इकडे बघा."