रुमालातली पानं

आज सकाळी भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या अंगणात कुंतीच्या झुडपाची वाढलेली टोकं छाटत होते. पानांचा लिंबासारखा वास हाताला लागला आणि लग्नानंतरचे पहिले महिने आठवले.

सांगलीहून मी थेट भोपाळला आले होते. हिंदी धड येत नव्हतं, दिवसभर माहेर आठवायचं. एकदा सासऱ्यांनी विचारलं, “तुमच्या दारात कोणतं झाड होतं गं?” “कुंती,” म्हणताना मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी ते भर उन्हातून घामाघूम होऊन परतले. रुमालात तऱ्हेतऱ्हेच्या झुडपांची पानं होती.

“नर्सरीत कुंती म्हटलेलं कुणालाच कळेना. यातली तुझी कोणती, वास घेऊन सांग.”

मी एकेक पान चुरडून पाहिलं. सापडलं, तसे ते पुन्हा निघाले आणि संध्याकाळी रोप घेऊन आले. “इथे हिला मधुकामिनी म्हणतात,” ते म्हणाले.

तेव्हा मला फक्त कुंतीचा आनंद झाला होता. आज डोळ्यांपुढे येतात ते अबोल सासरे, अनोळखी माळ्याकडे एकेक पान मागणारे.

त्या संध्याकाळी रोप लावून हात धुताना ते म्हणाले, “माहेरी जायचं तर खुशाल जा. तू येईपर्यंत पाणी मी घालीन.”

मी गेले, आणि ठरल्याच्या आधीच परत आले.