पायाला टांगलेल्या विटा

"ओपन फ्रॅक्चर आहे. मांडीचं हाड मोडून कातडीबाहेर आलंय. जखमेत जंतू वाढले तर पाय काढावा लागेल," परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. मी धनगर माणूस, मेंढरांमागं चालणारा. पाय गेला तर माझ्यापाशी उरतं काय?

ताडकळसच्या रस्त्यावर कोकरू ओढून घेताना जीपने मला उडवलं होतं. आधी डीब्राइडमेंट झालं, म्हणजे जखम धुऊन मेलेलं मांस कापून काढलं. मग ट्रॅक्शन. गुडघ्याखालच्या हाडातून सळई घातली, तिला दोरी बांधली आणि दोरीला विटा. त्या ताणाने हाडाची टोकं जागेवर राहतात. जखम स्वच्छ झाली की मांडीच्या हाडात रॉड घालायचा होता.

बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचा दंगा पेटला होता, एसटी बंद होती. अकरा दिवस माझ्याकडे कुणीच आलं नाही. शेजारच्या खाटेवर डबा उघडला की मी भिंतीकडे तोंड फिरवायचो. रानात मला कधी एकटं वाटलं नव्हतं. तिथं मेंढरं असतात.

बाराव्या दिवशी बायको आली, गयाबाई. विटा बघून तिला रडूच फुटलं.

"आगं माय! मोडल्या पायाला कुणी वझं बांधतंय का?" म्हणत तिने दोरी सोडली अन् विटा खाटेखाली सारल्या.

आधी हलकं वाटलं. घटकाभरात मांडीत गोळे यायला लागले. सिस्टरला हाक मारली असती तर गयाला बोलणी बसली असती, वॉर्डाबाहेर काढलं असतं. अकरा दिवसांनी कुणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवला होता. मी दात आवळून गप्प पडलो. चार वाजता ती मेंढरांकडे परत गेली, तेव्हा हाक मारली.

एक्स-रेत हाडाची टोकं एकावर एक चढलेली दिसली. जखमही पुन्हा वाहायला लागली होती.

"विटा कुणी काढल्या?"

"मीच."

डॉक्टर लय रागावले. पण उताणं पडलेल्या माणसाचा हात पायथ्याला पोचला कसा, हे त्यांनी विचारलं नाही. जखम पुन्हा धुतली, पुन्हा ताण दिला, महिन्याने रॉड घातला. पाय वाचला, दोन बोटांइतका आखूड होऊन. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर विटांना कुणाला हात लावू देऊ नका. मायेच्या माणसाला तर मुळीच नाही.

मी लंगडत निघालो की गया अजून म्हणते, "डॉक्टरनं ध्यानच दिलं न्हाई. मी आले म्हणून त्या विटा तरी निघाल्या."

"हाय की," मी म्हणतो. "तू आलीस म्हणून निभावलं."