भाऊबीजेला न पेटलेली गाडी

दर भाऊबीजेला बाबा स्वतः गाडी चालवत कोन गावाहून अंबाडीला आत्याकडे जायचे. आजारपणानंतर बारीकसारीक गोष्टी विसरू लागले, तरी तेवढी फेरी त्यांनी सोडली नाही. गेल्या वर्षी घराचं काम निघालं म्हणून त्यांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी कामतघरला, माझ्या कापडाच्या लूमच्या शेडमध्ये आणून ठेवली. दर रविवारी दहा मिनिटं चालू करायची, एवढंच माझ्याकडे काम.

चार रविवार केलं, मग कंटाळलो. बाबा फोनवर विचारायचे, "बाला, चालू केलीस ना? चोक किती खेचलास?" मी बिनदिक्कत सांगायचो, "अर्धा." गाडीवरची ताडपत्रीही न उचलता मी सहा महिने अर्धा चोक खेचत होतो!

भाऊबीज उद्यावर आली तेव्हा धाबं दणाणलं. बॅटरी चार्ज करून आणली, गाडी धुतली. चालू करून बघायला वेळ नाही असं स्वतःला सांगितलं. खरं तर हिंमत नव्हती.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. चोक ओढला, पेडल दोनदा दाबलं, चावी फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन पेटेना. चोक आत, चोक बाहेर, पुन्हा चावी. कार्बोरेटर कोरडा पडला असणार, हे मला शेजारी उभ्या उभ्या कळत होतं.

"तुझ्या हातानं चालू व्हते ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. "मंग माझंच काय तरी चुकतंय. इसरलो मी."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी रिक्षा बोलावली.

आठवड्यानं मिस्त्रीनं कार्बोरेटर खोलला. "छे-सात महिने से खडी है ना? सब जम गया है," तो म्हणाला. साफ केल्यावर गाडी पहिल्या चावीला पेटली. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी ती कोनला नेली. बाबा बॉनेटवर हात ठेवून हसले. "बघ, तुझ्या हातानं चालू झाली. चावी आता तुझ्याकडंच असू दे."

मी चावी घेतली. लाज वाटते, पण घेतली.

हल्ली घरी गेलो की बाबा गॅस पेटवण्याआधीही माझ्याकडे बघतात. "असंच ना रे? बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे, बाबा," मी म्हणतो. तरी गॅसचं बटण फिरवण्याआधी ते पुन्हा एकदा माझ्याकडे बघतात.