उलटं सारवण

बाजारकुणंगच्या गिरजेशी वाकडं घेऊ नये, हे तिच्या गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक. बेळगावच्या शिवानंद साहेबांना मात्र ठाऊक नव्हतं. बिचारे!

हे साहेब मोठमोठ्या इमारती उभ्या करणारे आणि हौसेनं फोटो काढणारे. एकदा जोयड्याचं रान बघायला आले, गिरजेच्या आईकडं पाणी मागून प्याले आणि जाताजाता ओसरीच्या जमिनीचा फोटो काढून घेऊन गेले. विचारलं नाही, काही नाही. आदल्याच दिवशी गिरजेचा बाप वारला होता. मढं उचलल्यावर त्या घरात जागा सारवतात ती डाव्या हातानं, उलटी. बाराव्याला उजव्या हातानं सरळ सारवून ते उलटं सारवण मोडायचं. मोडल्याशिवाय गेलेला माणूस वाटेला लागत नाही, असं मानतात.

पुढं गिरजा परसातले कंद विकायला बेळगावला गेली आणि साहेबांनीच बांधलेल्या एका इमारतीत शिरली. समोरच्या भिंतीवर त्याच ओसरीचा पुरुषभर उंचीचा फोटो! आईच्या डाव्या हाताचं सारवण तिनं बघताक्षणी ओळखलं. खाली नाव काय, तर 'आनंदलहर'. मेल्याला दुसरं नाव सुचू नये?

तिनं साहेबांना गाठलं. "सायेब, ते उतरवा. माझ्या बाच्या मढ्याचं सारवण हाय ते."

साहेब हसले. "बाई, ही अमूर्त कला. कशाचा फोटो आहे ते विसरायचं. नुसत्या रेषा बघायच्या."

घरी हे ऐकून आई म्हणाली, "आमी हितं मोडलं, पन तितं तसंच हाय न्हवं? तुजा बा परक्याच्या दारात उभा आसंल गे." तेव्हापासून तिच्या तोंडात घास फिरायला लागला. गिरजेचं काळीज जळत राहिलं. "रेषाच बघायच्या व्हय? दावतेच रेषा," म्हणाली.

मग मोबाईल घेऊन ती फिरायला लागली. कॅसलरॉकला गाडीत बसायचं, कधी बेळगाव, कधी धारवाड, कधी हुबळी. कंद खपले की साहेबांची एखादी इमारत हुडकायची आणि भिंतीला नाक लावून फोटो काढायचे. ओल धरलेला कोपरा, गंजून उघडी पडलेली सळई, जिन्याखाली सुटलेला गिलावा. रखवालदार म्हणायचे, बाई चळली. पण तिरक्या उन्हात भेग कशी खोल दिसते, किती जवळ गेलं की भिंत भिंत राहत नाही, हे ती शिकली. ते तिला आवडायलाही लागलं, आणि आवडतंय म्हणून तिला स्वतःचाच संताप यायचा.

यंदा 'आनंदलहर' लावलेल्या त्याच इमारतीत, खालच्या दालनात, फोटोंची स्पर्धा लागली. परीक्षक कोण, तर शिवानंद साहेब! गिरजेनं बापाच्या नावानं एक फोटो धाडला, त्याला नाव दिलं 'नदी'. पहिला नंबर त्याचाच आला. साहेब माईकवर सुटले, "काय हा प्रवाह! बघून मन शांत होतं."

गिरजा उठली. "नदी न्हाई ती, सायेब. ह्याच इमारतीच्या पाण्याच्या टाकीखालची भेग हाय. वर चला, दावते."

समोर त्याच इमारतीतले घरमालक बसलेले. खुर्च्या सरकल्या, कुजबुज सुरू झाली. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "उतरवा तो फोटो!"

"का वो? कशाचा हाय ते इसरायचं. नुसत्या रेषा बघायच्या." कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. गिरजेला गार गार वाटलं. "आमचं सारवण द्या, मी माझी नदी उतरवते."

दिलं. झक मारत दिलं.

तो फोटो तिनं गाडीत दाराशी उभा धरून घरी आणला. आईनं ओसरीवर आडवा घातला, शेण कालवलं आणि उजव्या हातानं सरळ सारवला, या काठापासून त्या काठापर्यंत. "जा आता," म्हणाली, आणि खूप रडली. मग ताट मागून पोटभर जेवली.

हात धुताना तिनं विचारलं, "आनि त्याची ती भेग गे?"

"फोटो उतरवला मी, बोलले तसं," गिरजा म्हणाली. "भेग त्याची त्यानं सारवावी."